एव्हरेस्ट चढणारी पोरं चंद्रपूरच्या आश्रमशाळेत सापडली, मग जिम्नॅस्ट का सापडत नाही?

ऑगस्ट २०२४ मधली ती क्लिप तुमच्याही मोबाइलवर येऊन गेली असेल. पॅरिस ऑलिम्पिक, जिम्नॅस्टिक्समधल्या बॅलन्स बीमचा पदक समारंभ. सुवर्ण जिंकलेली अलिचे दामातो आणि कांस्य जिंकलेली मनिला एस्पोसितो, इटलीच्या या दोघी फोटोसाठी पदक दाताखाली धरतात. शेजारी रौप्यपदक घेऊन उभी असलेली चिनी पोरगी त्यांच्याकडे बघते, जरा गोंधळते आणि मग आपलंही पदक हळूच तोंडापाशी नेते. झोऊ याचिन तिचं नाव, वय १८. काही दिवसांनी तिचाच दुसरा व्हिडिओ फिरला. हूनान प्रांतातल्या हंगयांग शहरात आईवडिलांच्या हॉटेलात ती गिऱ्हाइकांना जेवण आणून देत होती.

अशी क्लिप बघितली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो. आपल्याकडे अशा पोरी का नाहीत? विदर्भातला माणूस असेल तर तो त्यात भर घालतो, आमच्या गडचिरोलीची, जिवतीची पोरं काय कमी काटक आहेत का?

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. कारण या भागातल्या पोरांकडे जगानं एकदा मान वर करून बघितलेलं आहे.

१६ मे २०१८ ची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम अशी पाच जणांची नावं. मोहिमेचं नाव 'मिशन शौर्य'. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूरचं जिल्हा प्रशासन यांनी मिळून ती आखली होती. त्याच महिन्यात 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी या पाचही जणांची नावं घेतली. जिवती, देवाडा ही नावं तोवर चंद्रपूर जिल्ह्याबाहेर फारशी कुणाला माहीत नव्हती. माणिकगडच्या डोंगररांगेतला, तेलंगणाला चिकटलेला हा भाग. त्याआधी चार वर्षं, मे २०१४ मध्ये, तेलंगणाच्या निवासी शाळेतली मालावत पूर्णा वयाच्या चौदाव्या वर्षात एव्हरेस्ट चढून आली होती. म्हणजे सरकारी वसतिगृहातल्या पोरांना हे जमतं, हे शेजारच्या राज्यानं दाखवलेलं होतंच.

मग जी यंत्रणा एव्हरेस्टवीर शोधू शकते, तिला एक जिम्नॅस्ट का शोधता येऊ नये?

दहा महिने आणि दहा वर्षं

मिशन शौर्यच्या तारखा बघा. प्रशिक्षणाला सुरुवात ऑगस्ट २०१७ मध्ये. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख असे टप्पे. शिखर मे २०१८ मध्ये. सगळं मिळून दहा महिने. निवडलेली मुलं तोवर मोठी झालेली होती, दमसास होता, पाय डोंगराला सरावलेले होते. त्यांना तंत्र शिकवलं, थंडीची आणि विरळ हवेची सवय लावली, शेर्पांची साथ दिली. यात त्या पोरांचं श्रेय कमी होत नाही, आठ हजार मीटरच्या वर चालायला शेवटी स्वतःचेच पाय लागतात. पण काम दहा महिन्यांत होण्यासारखं होतं.

जिम्नॅस्टिक्सचा हिशेब वेगळा आहे. मुलींच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये चार प्रकार असतात. व्हॉल्ट म्हणजे धावत येऊन टेबलावरून झेप, अनइव्हन बार्स म्हणजे कमी-जास्त उंचीचे दोन आडवे दांडे, बॅलन्स बीम आणि फ्लोअर. बीम पाच मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि रुंदीला फक्त १० सेंटीमीटर. चार बोटांपेक्षा थोडी जास्त. त्या पट्टीवर उलटी कोलांटी मारून पुन्हा त्याच पट्टीवर उतरायचं. हे सोळाव्या वर्षी शिकायला घेता येत नाही. खांदे, कंबर, पाठीचा कणा यांची लवचिकता आणि हवेत असताना आपण कुठे आहोत याचं भान वयाच्या पाचव्या-सातव्या वर्षापासून घडवावं लागतं. दीपा कर्माकरनं सहाव्या वर्षी सुरुवात केली होती. मग रोजचा सराव, आठ ते दहा वर्षं, आणि तोही शक्यतो एकाच जाणत्या माणसाच्या नजरेखाली.

आपल्या आश्रमशाळांच्या स्पर्धा प्रकल्प पातळीवरून राज्य पातळीपर्यंत होतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, हँडबॉल, धावणं, उड्या. चांगले खेळ आहेत, त्यातून पोरं पुढेही जातात. पण ते सगळे मैदान आणि थोड्या साहित्यावर चालणारे खेळ आहेत आणि त्यात बाराव्या-तेराव्या वर्षी चमकलेलं पोर उशिरा आलेलं मानलं जात नाही. जिम्नॅस्टिक्समध्ये बाराव्या वर्षी सुरुवात करणारी मुलगी मोठ्या स्पर्धेपुरती बाद झालेली असते.

म्हणून 'जंगलातली पोरं मुळातच काटक' हे जे आपण कौतुकानं म्हणतो ना, ते इथे उपयोगाचं नाही. खरं तर ते वाक्य जरा बाजूलाच ठेवायला हवं. त्यात पोरांच्या मेहनतीचं श्रेय निसर्गाला जातं आणि आपली जबाबदारी मात्र उरत नाही.

हूनानच्या डोंगरातली पोरगी

झोऊ याचिनच्याच हूनान प्रांतातली, पण तिच्या आधीच्या पिढीतली एक जिम्नॅस्ट आहे. शांग चुनसोंग. जन्म १८ मार्च १९९६, गाव झांगजियाजिए भागातलं. 'अवतार' सिनेमा आला तेव्हा ज्या दगडी सुळक्यांची चर्चा झाली, तो हा भाग. चीनचं पहिलं राष्ट्रीय वनउद्यान इथेच झालं, १९८२ मध्ये. योगायोग असा की त्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ ला, जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला.

शांग तुजिया या अल्पसंख्याक जमातीतली. घरची गरिबी इतकी की लहानपणी तिचं कुपोषण झालं होतं. अधू दृष्टीचा थोरला भाऊ हा तिचा मोठा आधार. मोठी झाल्यावरही तिची उंची जेमतेम १४३ सेंटीमीटर. हे वर्णन एटापल्लीच्या किंवा कोरचीच्या एखाद्या मुलीचं म्हणून वाचलं तरी खटकणार नाही.

तिची कारकीर्द मात्र बघण्यासारखी आहे. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण. त्याच वर्षी नाननिंगच्या आणि २०१५ मध्ये ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत संघाबरोबर रौप्य. ग्लासगोत वैयक्तिक सर्वांगीण प्रकारात, म्हणजे चारही प्रकारांचे गुण एकत्र धरून, ती चौथी आली. पुढच्या वर्षी रिओ ऑलिम्पिक. संघाला कांस्य मिळालं. वैयक्तिक सर्वांगीणमध्ये रशियाची अलिया मुस्ताफिना ५८.६६५ गुणांवर तिसरी आणि शांग ५८.५४९ गुणांवर पुन्हा चौथी. फरक ०.११६ चा. उतरताना पाय एकदा जरासा सरकला तरी याच्या जवळपास गुण कापले जातात.

तिची अडचण होती व्हॉल्ट. या खेळात दोन गुणसंख्यांची बेरीज होते. एक तुम्ही किती अवघड गोष्ट केली त्याची, दुसरी ती किती सफाईनं केली त्याची. शांगचे बार्स आणि बीम जगातल्या उत्तमांपैकी होते, पण व्हॉल्ट तुलनेनं सोपा, त्यामुळे तिथे ती आधीच मागे पडून सुरुवात करायची. व्हॉल्टला पायांतली स्फोटक ताकद लागते. कुपोषित बालपणाचा याच्याशी संबंध किती, हे कुणी मोजून सांगू शकणार नाही. पण गडचिरोलीत बसून हे वाचणाऱ्याच्या मनात ही शंका आल्याशिवाय राहत नाही.

तरी मुद्दा असा की ती तिथवर पोहोचली. कशी? चीनमध्ये गावपातळीपासून क्रीडाशाळांची उतरंड आहे. तालुक्या-शहराची शाळा, मग प्रांताचा संघ, मग राष्ट्रीय संघ. दर चार वर्षांनी प्रांताप्रांतांत राष्ट्रीय स्पर्धा होतात आणि तिथे प्रांताची इज्जत पणाला लागते. त्यामुळे डोंगरातल्या गावातही बालवाडीच्या वयाची पोरं हेरणं हे कुणाचं तरी नेमून दिलेलं काम असतं.

आता आपली आश्रमशाळा बघा. मूल सहाव्या वर्षी पहिलीत येतं. राहणं, जेवण, शाळा एकाच आवारात. वर्षातले बहुतेक दिवस ते तिथेच असतं. चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी, भामरागड अशी पाच प्रकल्प कार्यालयं या दोन जिल्ह्यांत आहेत आणि त्यांच्याखाली या शाळांचं जाळं. म्हणजे जिम्नॅस्टिक्ससाठी जे सगळ्यात अवघड असतं, बरोबर वयाची मुलं रोज एकाच जागी दहा वर्षं मिळणं, ते आपल्याकडे आयतं आहे. मुंबई-पुण्यातल्या क्लबना ते मिळत नाही. तिथे आई पोरीला रिक्षातून क्लासला आणते आणि दहावी आली की बंद करते.

मग चीनसारखंच करायचं का?

इथे जरा थांबायला हवं. चीनच्या उतरंडीची किंमत चीनच्या पोरींनीच मोजली आहे.

आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम असा की ऑलिम्पिकच्या वर्षात मुलीला १६ वर्षं पूर्ण होत असली पाहिजेत. सिडनी २००० मध्ये चीनच्या महिला संघानं कांस्य जिंकलं. पुढे चौकशीत दोंग फांगशियाव ही खेळाडू तेव्हा कमी वयाची होती असं निघालं आणि २०१० मध्ये ते पदक काढून अमेरिकेला दिलं गेलं. कागदावर वय वाढवणारी ती पोरगी नव्हती, मोठी माणसं होती. पदक मात्र तिचं आणि तिच्या सगळ्या संघाचं गेलं. बीजिंग २००८ च्या वेळी हे केशिनच्या वयावरून असाच गदारोळ झाला, पण त्या चौकशीतून चीनचा संघ सुटला.

दुसरं उदाहरण अगदी सोशल मीडियावरचं. वू लियुफांग, जन्म १९९४. लंडन २०१२ च्या तोंडावर दुखापत झाली, ऑलिम्पिक हुकलं आणि लवकरच निवृत्ती. २०२४ मध्ये ती चीनच्या दोइन या ॲपवर नाचाचे व्हिडिओ टाकून पैसे कमावताना दिसली. टोकियोत बीमचं सुवर्ण जिंकलेल्या ग्वान चेनचेननं तिच्यावर जाहीर टीका केली, वूच्या खात्यावर निर्बंध आले आणि सगळ्या चीनमध्ये वाद पेटला. सभ्य काय, असभ्य काय, यावर लोक भांडत बसले. मला त्यातला खरा प्रश्न वेगळा वाटतो. सहाव्या वर्षापासून फक्त एकच गोष्ट शिकलेल्या मुलीनं विसाव्या वर्षानंतर काय करायचं, याचं उत्तर तिला खेळायला लावणाऱ्यांपैकी कुणी दिलं होतं?

आणि हे फक्त चीनचं दुखणं नाही. अमेरिकेत संघाचा डॉक्टर लॅरी नासार वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण करत राहिला. २०१८ मध्ये त्याला शिक्षा सुनावताना दीडशेहून जास्त महिलांनी न्यायालयात आपलं म्हणणं मांडलं. लहान मुली, घरापासून लांब, एका माणसाच्या शब्दावर सगळं भविष्य, ही रचनाच धोक्याची आहे. आश्रमशाळेचीही रचना तीच असते. त्यामुळे तिथे असा खेळ न्यायचा असेल तर महिला प्रशिक्षक, पालकांना कधीही येऊन सराव बघायची मोकळीक आणि तक्रार ऐकणारं शाळेबाहेरचं कुणीतरी, या गोष्टी गाद्यांच्या आधी हव्यात. त्याबरोबर सिकलसेलची तपासणीही. या दोन्ही जिल्ह्यांत तो आजार भरपूर आहे आणि अशा मुलाला अतिश्रम जिवावर बेतू शकतात.

हद्दीच्या पलीकडे आणि आगरतळ्यात

चीनच्या वाटेनं न जाता हे होतं का? होतं. दोन उदाहरणं आहेत, एक लांबचं आणि एक अगदी बांधाला बांध लागून.

लांबचं त्रिपुराचं. इवलंसं राज्य, देशाच्या एका टोकाला, साठच्या दशकात तर आणखीच एकाकी. हरियाणातून दलीप सिंग नावाचे प्रशिक्षक तिथे गेले आणि राहिले. त्यांच्या हाताखाली जिम्नॅस्टची एक पिढी तयार झाली. त्या परंपरेतून मंटू देबनाथ अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले. दलीप सिंगांचे शिष्य बिश्वेश्वर नंदी स्वतः प्रशिक्षक झाले आणि त्यांनी घडवली दीपा कर्माकर. जुन्या स्कूटरचे भाग वापरून केलेल्या साहित्यावर तिनं व्हॉल्टचा सराव केला. रिओमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत ती १५.०६६ गुणांसह चौथी आली, कांस्यपदक ०.१५० नं हुकलं. शांग चुनसोंग चौथी आली त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, त्याच हॉलमध्ये. एकीच्या मागे जगातली सगळ्यात मोठी क्रीडायंत्रणा, दुसरीच्या मागे आगरतळ्यातला एक प्रशिक्षक. दीपाची सगळी वाट सरळ होती असंही नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया, उत्तेजक चाचणीत अडकून २१ महिन्यांची बंदी, आणि त्यानंतर २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई सुवर्ण. त्याच वर्षी ती निवृत्त झाली.

जवळचं उदाहरण मात्र गडचिरोलीकरांना जास्त टोचायला हवं. भामरागडच्या पुढे, लाहेरीच्या पलीकडे राज्याची हद्द संपते आणि छत्तीसगडचा अबुझमाड सुरू होतो. तेच जंगल, तेच माडिया लोक, हद्दीच्या दोन्ही बाजूंना सोयरिकी. तिथे नारायणपूरला मनोज प्रसाद या पोलीस जवानानं गावातल्या मुलामुलींना मल्लखांब शिकवायला घेतला. त्यातून अबुझमाड मल्लखांब अकादमी उभी राहिली आणि २०२३ मध्ये या पोरांनी टीव्हीवरच्या 'इंडियाज गॉट टॅलेंट'चा दहावा सीझन जिंकला. मल्लखांब म्हणजे आपल्या मातीतला खेळ. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभारी दिली असं आपण अभिमानानं सांगतो. तो जंगलात नेऊन रुजवला मात्र शेजारच्या राज्यातल्या एका जवानानं.

मल्लखांब म्हणजे जिम्नॅस्टिक्स नव्हे आणि तो ऑलिम्पिकमध्येही नाही. पण खांदा, पकड, कणा आणि उलटं लटकताना न घाबरणं, हा पाया दोन्हीकडे सारखाच. खर्च मात्र एका खांबाचा.

आगरतळा, नारायणपूर आणि जिवती या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. कुणीतरी लक्ष घातलं तेव्हा पोरं सापडली. फरक एवढाच की पहिल्या दोन ठिकाणी लक्ष घालणारा माणूस तिथेच राहिला. मिशन शौर्य ही मोहीम होती. दुसऱ्या वर्षी आणखी एक तुकडी एव्हरेस्टला गेली, सत्कार झाले, बक्षिसं जाहीर झाली. पण मोहीम शेवटी अधिकाऱ्याच्या उत्साहावर चालते आणि आपल्याकडे अधिकारी साधारण तीन वर्षांत बदलतो. गडचिरोलीत तर तो येतानाच किती दिवस राहणार याची चर्चा सुरू होते. तीन वर्षांत एव्हरेस्टची मोहीम बसते. जिम्नॅस्ट बसत नाही. पहिलीतली मुलगी चौथीत जाईपर्यंत फाइल तिसऱ्या साहेबांच्या टेबलावर गेलेली असते.

भारतानं २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी इच्छापत्र दिलेलं आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये. यजमानपद मिळेल न मिळेल, स्पर्धा तर होणारच. आजच्या नियमानं २०३६ मध्ये खेळू शकणारी सगळ्यात लहान मुलगी २०२० साली जन्मलेली असेल. ती पहिलीत जाते २०२६ च्या जूनमध्ये. म्हणजे २०३६ बद्दल जे काही बोलायचं ते मंत्रालयातल्या आराखड्यापेक्षा आधी पहिलीच्या वर्गात बोलावं लागणार आहे.

त्यासाठी भामरागडला ऑलिम्पिक दर्जाचा हॉल बांधायची गरज नाही. तिथून जिल्ह्याच्या गावाला यायलाच पावणेदोनशे-एकशे ऐंशी किलोमीटर पडतात, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तेही बंद. हॉल एखादा चंद्रपूरला किंवा बल्लारपूरला असला तरी चालेल, दहा-अकराव्या वर्षानंतर लागेल तेव्हा. आधीची चार वर्षं आश्रमशाळेच्या एका खोलीत जाड गाद्या, भिंतीला लाकडी शिड्या, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवलेली १० सेंटीमीटरची पट्टी आणि अंगणात मल्लखांब, एवढ्यावर निघतात. पदक नाही मिळालं तरी पोरीला पाठ सरळ ठेवता येईल, पडायचं कसं ते कळेल, आणि तिची शाळा सुटणार नाही.

लाकडाची तर अडचणच नाही. अयोध्येच्या मंदिराला आणि नव्या संसद भवनाला सागवान बल्लारशाहहून गेलं, आलापल्लीचा साग देशभर नावाजलेला आहे. खांब आणि पट्टी अहेरीचा सुतार आठवड्यात करून देईल. अडतंय ते प्रशिक्षकाच्या पगारावर. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर माणूस नेमला तर दर वर्षी नवा माणूस येणार आणि दर वर्षी पोरीला पहिल्यापासून कोलांटी शिकवणार.